उन्हाळ्यात स्वेटर घालून बसलेय, आणि कुणाचाच विश्वास बसत नाही

आज सकाळी स्टुलावर चढून माळ्यावरची पेटी खाली ओढली. दोन-अडीच महिन्यांपूर्वीच सगळे स्वेटर धुऊन, वाळवून, डांबरगोळ्या टाकून ‘आता थेट हिवाळ्यात भेटू’ म्हणत ती वर ढकलली होती. उतरताना पेटी पायाच्या अंगठ्यावर आली. ऐन उन्हाळा चालू आहे, आणि मी सुजलेला अंगठा घेऊन, डांबरगोळीचा भपकारा मारणाऱ्या स्वेटरात गुरफटून हे टाइप करतेय. बोटं गारठलीयेत, चुका पोटात घाला.

थंडीचा राग आहेच. पण ती बिचारी गपगुमान येते, गपगुमान जाते. खरा संताप आलाय तो माणसांचा.

परवा नणंदेचा फोन आला. ती राहते इथून चाळीसेक किलोमीटरवर, खाली सपाटीला. मी आपलं सहज म्हटलं, काय गं ही थंडी, चार दिवस झाले ऊन दिसलं नाही. तर ती हसायलाच लागली. “थंडी? अगं वहिनी, इकडे अंगाची लाही लाही होतेय. तुला कणकण आहे का बघ.” म्हटलं, कणकण नाहीये, थंडी आहे. “अगं पण उन्हाळा आहे ना!”

अच्छा, उन्हाळा आहे होय! मग हे हवेला कोण सांगणार, तू सांगतेस की मी सांगू?

बरं, ती एकटी असती तर सोडून दिलं असतं. ऑफिसच्या व्हिडिओ कॉलवर मी शाल गुंडाळून बसले तर सहा चौकोनांतून सहा जण खिदळले. एकाच्या मागे पंखा गरगरत होता, कपाळावर घाम दिसत होता, आणि तो मला म्हणतो, “जरा अतिच करतेस.” अरे बाबा, तुझ्या खोलीतली हवा माझ्या खोलीत येते का? घरात वेगळीच तऱ्हा. नवरा संध्याकाळी दारातून आत आला की पहिलं बटण पंख्याचं. उन्हाळ्यात पंखा लावायचा असतो म्हणून लावायचा. पाच मिनिटांत स्वतःच चादर ओढून घेईल, पण उठून पंखा बंद करणार नाही, कारण मग थंडी आहे हे कबूल करावं लागेल.

आणि या सगळ्यांचा हुकमी एक्का म्हणजे फोन. “हे बघ, २९ दाखवतंय.” माझ्याकडे मागच्या भिंतीवर, सावलीत, काचेचा साधा थर्मामीटर टांगलेला आहे. सकाळी नऊला त्यात पारा १६ वर होता. मी थर्मामीटरशेजारी माझ्या फोनचं ते २९ धरलं, नवऱ्याच्या फोनने फोटो काढला आणि घरच्या ग्रुपवर टाकला. उत्तर काय आलं? “थर्मामीटर बिघडलाय वाटतं.” म्हणजे डोळ्यांसमोरचा पारा खोटारडा, आणि ज्याने माझी भिंत कधी पाहिली नाही त्याचा अंदाज खरा!

हा २९ येतो कुठून ते मी रागाच्या भरात शोधून काढलं. जगभराच्या हवेचा अंदाज करणारी नेहमीची मोठी मॉडेल, म्हणजे संगणकावरची गणितं, पृथ्वीवर चौकोन आखतात. चांगल्यातल्या चांगल्यांचा चौकोन साधारण ९ ते १३ किलोमीटरचा. त्यात डोंगर असो, दरी असो, तळं असो, सगळ्यांची मिळून उंची एकच धरायची. आता हजार मीटर वर गेलं की हवा सरासरी साडेसहा अंशांनी गार होते, हे आपण शाळेत घोकलेलं आहे. तुमचं घर त्या मानलेल्या उंचीपेक्षा चारशे मीटर वर असेल तर अडीच अंश तिथेच गेले. वर ढग, झोंबरा वारा, भिंतींत मुरलेली ओल. काही ॲप उंचीची दुरुस्ती करून घेतात म्हणे. माझं घेत नसावं, किंवा त्याला मी समुद्रकिनारी राहते असं वाटत असावं.

अधिकृत मोजणी तरी कशी होते? झडपांच्या पांढऱ्या पेटीत, जमिनीपासून सव्वा ते दोन मीटरवर, गवत असलेल्या मोकळ्या जागी. विमानतळावर तर हमखास. (स्टीव्हन्सनची पेटी म्हणतात तिला. हा थॉमस स्टीव्हन्सन मुळात दीपगृहं बांधणारा इंजिनिअर.) वेगवेगळ्या जागांची तुलना करता यावी म्हणून ती तशी ठेवतात, ते बरोबरच आहे. पण त्या पेटीत मी राहत नाही. राहत असते तर निदान अंगठा तरी वाचला असता.

बरं, उंचावर गार आणि खाली गरम एवढाच हिशेब असता तरी मी नणंदेला समजावलं असतं. पण निरभ्र, वारा पडलेल्या रात्री सगळं उलटं होतं. गार हवा जड, ती पाण्यासारखी उतारावरून घरंगळत खोलगटात जाऊन साचते. मग टेकडीवरचा मजेत झोपतो आणि तळातला पहाटे दात वाजवत उठतो. दोघांचा पिनकोड एक, दोघांच्या फोनवर आकडा एक.

आणि ज्यांना अजूनही वाटतं की चाळीस किलोमीटरमध्ये असं काय बदलणार, त्यांनी भर जुलैत सॅन फ्रान्सिस्कोला जाऊन यावं. अर्ध्या चड्डीतले पर्यटक तिथे पोचतात आणि पहिलं काम म्हणजे जाकीट विकत घेतात. किनाऱ्याजवळ वाऱ्यामुळे खोल समुद्रातलं गार पाणी वर येतं, त्यावर धुकं तयार होतं आणि आतल्या तापलेल्या खोऱ्याकडे ओढलं जाताना ते शहरावरून जातं. दुपारी विशीच्या आसपास. तिथून दीडशे किलोमीटरच्या आत असलेलं सॅक्रामेंटो त्याच दुपारी पस्तिशीकडे. इतकंच कशाला, शहराच्या मधे टेकड्या आहेत म्हणून पश्चिमेकडच्या वस्त्या धुक्यात आणि पूर्वेकडच्या उन्हात. एकाच शहरात! तिथल्या लोकांनी त्या धुक्याचं नाव कार्ल ठेवलंय. म्हणजे त्यांनी त्याला घरातलं माणूस मानलंय, आणि इथे मला साधी थंडी वाजते हे कुणी मानायला तयार नाही.

जर्मन लोकांकडे तर उन्हाळ्यातल्या थंडीला शब्द आहे. जूनच्या मध्याला थंड हवेची लाट येते तिला ते शाफ्सकेल्ट म्हणतात, मेंढ्यांची थंडी. कारण तेव्हा मेंढ्यांची लोकर नुकतीच उतरवलेली असते आणि त्या बिचाऱ्या कुडकुडतात. वाचून मला एकदम भरून आलं. माझी लोकर मी स्वतःच माळ्यावर टाकली होती, एवढाच फरक. आपल्याकडे अवकाळी शब्द आहे, पण तो पावसाने अडवून ठेवलाय. अवकाळी थंडी म्हटलं की समोरचा कपाळाला हात लावून बघतो.

आमच्या डोक्यावर सध्या काय बसलंय तेही कळलं. कट-ऑफ लो. वरच्या थरातून वाहणारा वेगवान वाऱ्याचा पट्टा, म्हणजे जी जेट स्ट्रीम, तिच्यापासून थंड हवेचा एक गोळा तुटतो आणि भोवऱ्यासारखा जागच्या जागी फिरत राहतो. मूळ प्रवाहाशी नाळ तुटलेली, त्यामुळे त्याला पुढे ढकलायला कुणी नाही. कधी हलेल हे मुरलेल्या अंदाजवाल्यांनाही धड सांगता येत नाही. त्याच्या पोटाखाली ढग आणि भुरभुर, आणि ढगांची कड जिथे संपते तिथून पुढे लख्ख ऊन. ती कड नेमकी माझ्या आणि नणंदेच्या मधे कुठेतरी पडलीय. आता यात माझा दोष काय?

मग येतात ते हुशार. “काय मग, कुठे गेलं तुमचं ग्लोबल वॉर्मिंग?” एका काकांनी हा विनोद चार दिवसांत तीनदा केला. काका, ग्लोबल म्हणजे अख्खा गोल, तुमची गॅलरी नव्हे. अख्खा गोल थोडासा गार झाला तरी काय होतं ते बघायचं असेल तर १८१६ साल काढा. आदल्या वर्षी एप्रिलमध्ये इंडोनेशियातला तांबोरा ज्वालामुखी फुटला, गंधकाचे बारीक कण पार वरच्या थरात पसरले आणि उन्हाला झाकण बसलं. जूनमध्ये अमेरिकेच्या ईशान्य भागात बर्फ पडलं, पश्चिम युरोपात पिकं शेतातच कुजली, लोक अन्नाला महाग झाले. उन्हाळा नसलेलं वर्ष म्हणून ते अजून ओळखलं जातं. पण तेव्हाही सगळीकडे सारखं नव्हतंच. कुठे उपासमार, कुठे जेमतेम फरक.

जपानचं तर आणखी चपखल आहे. तिथे ईशान्येकडून उन्हाळ्यात गार, ओला वारा येतो, यामासे नावाचा, ओखोत्स्क समुद्राकडून. तोहोकूच्या, म्हणजे ईशान्य जपानच्या, पॅसिफिककडच्या बाजूला तो ढग आणि गारठा घेऊन बसतो. मधे डोंगरांची रांग. रांगेपलीकडे जपानी समुद्राच्या बाजूला बऱ्याचदा ऊन. १९९३ मध्ये असा थंड उन्हाळा आला की भात पोसलाच नाही, आणि तांदळाच्या बाबतीत एरवी कुणाला दारात उभं न करणाऱ्या देशाने थायलंडकडून तांदूळ आणला. आता डोंगरापलीकडच्या नणंदेने तिथल्या वहिनीला फोन करून “आमच्याकडे तर छान ऊन आहे” म्हटलं असेल का? म्हटलंच असेल. नणंदा सगळीकडे सारख्याच.

आणि तो ‘सरासरी’ नावाचा प्रकार! बातम्यांत बाई हसत सांगतात, तापमान सरासरीपेक्षा चार अंश कमी. ही सरासरी म्हणजे तीस वर्षांची गोळाबेरीज, सध्या १९९१ ते २०२० ची धरतात. हवामान कसं बदलतंय हे बघायला ती हवीच, तिच्याशी माझं भांडण नाही. पण अर्धा आठवडा ३८ आणि अर्धा २४ गेला की सरासरी ३१ येते, आणि ३१ चा दिवस एकही उजाडलेला नसतो. ज्या दिवशी कुणीच जगलं नाही त्या दिवसाचे कपडे घालून मी बाहेर पडायचं का? तर हो, लोकांचं म्हणणं तेच आहे. महिना उन्हाळ्याचा ना, मग सुती घाल आणि गप्प बस.

दोरीवर माझी जीन्स आहे. चौथा दिवस. पायाकडून वाळल्यासारखी वाटते, पण कमरेला आणि खिशांच्या आत हात घातला की ओली गच्च, आणि आता तिला तो कुबट वास यायला लागलाय जो परत धुतल्याशिवाय जात नाही. परत धुतली की परत चार दिवस. मी तिचाही फोटो काढून ग्रुपवर टाकला. म्हटलं, घ्या, हिलाही कणकण आहे का बघा.

नणंदेचं आत्ता उत्तर आलंय. “पाठव इकडे, तासाभरात वाळेल.”

चीड याचीच येते की खरंच वाळेल.