घरचा प्रोटीन बार आणि कुरिअरचा काटा

आमचं पोरगं फुटबॉल खेळतं. कोल्हापुरात पेठेत राहून फुटबॉल नाही खेळायचा म्हणजे घराण्याला बट्टा, त्यामुळे त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. म्हणणं होतं ते प्रॅक्टिस सुटल्यावर साहेब जो बार खातात त्याबद्दल. एक बार १३० रुपये, आठवड्याला पाच. एकदा दुपारी दुकानात गिऱ्हाईक नव्हतं तेव्हा वाया गेलेल्या झेरॉक्सच्या पाठकोऱ्या बाजूवर हिशोब मांडला, महिन्याला २६०० झाले. एवढ्यात आमच्या घरचं महिन्याचं दूध येतं ओ! त्याच रात्री जाहीर केलं, उद्यापासून बार घरी होणार. ही हसली. आई म्हणाली बार म्हणजे काय ते आधी सांग.

तर गेले तीन महिने दर रविवारी हा उद्योग चालू आहे आणि त्यातून जे कळलं ते लिहितोय, कारण मोबाईल उघडला की ‘विकतचे बार विसरा, घरीच बनवा’ असलं काहीतरी समोर येतंच आणि त्यातलं निम्मं अर्धवट आहे.

पहिला बार मी तसल्याच एका व्हिडिओवरून केला. खजूर २०० ग्रॅम, बदाम ५०, काजू ५०, ओट्स ५०, फिरवा मिक्सरला, थापा ताटात, कापा. ऐकायला किती सोपं. खजूर मिक्सरमध्ये गेला तो पात्याखाली चिकटून बसला, मोटर नुसती हूं हूं करायला लागली, मग वास सुटला, मग सगळं गपगार. हिनं येऊन मिक्सर आडवा केला, बुडाचं लाल बटण दाबलं आणि एवढंच म्हणाली, उद्या मला चटणी वाटायचीय. (ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: खजूर आधी बारीक चिरून कोमट पाण्यात दहा मिनिटं ठेवायचा नाहीतर हातानंच मळायचा. आणि ते लाल बटण कुठं असतं ते बघून ठेवा.)

बरं, बार झाले, चवीला एक नंबर झाले, पोरानं उभ्या उभ्या तीन संपवले. मी खूश. पण दुकानदार माणूस, हिशोब केल्याशिवाय झोप येत नाही. दुकानात कुरिअरची पाकिटं तोलायला छोटा डिजिटल काटा आहे, तो घरी आणला आणि सगळं मांडलं. २०० ग्रॅम खजुरात प्रोटीन जेमतेम ५ ग्रॅम. ५० ग्रॅम बदामात साडेदहा, काजूत नऊ, ओट्समध्ये साडेसहा. सगळं मिळून ३१ ग्रॅम, आणि बार झालेले दहा. म्हणजे एका बारला तीन ग्रॅम! अर्ध्या अंड्याएवढं. आणि साखर? ती एका बारला बारा-तेरा ग्रॅम, खजुराचीच. म्हणजे मी रविवार सकाळ घालवून, मिक्सर जवळजवळ जाळून, मिठाई केली होती आणि तिला प्रोटीन बार म्हणत होतो.

मिठाई खायला माझी ना नाही. पण मिठाई म्हणून खा ना मग. ‘शुगर फ्री, फक्त खजूर घातलाय’ असं म्हणणारे भेटले की मला कळत नाही यांना खजूर भाजी वाटते की काय.

आता कमेंटमध्ये कोणीतरी लिहिणारच की दादा आपल्या आज्या डिंकाचे लाडू करायच्या, त्यांना कुठं बार लागत होते. बरोबर आहे, लाडू भारीच असतात, मीही हिवाळ्यात रोज एक हाणतो. पण डिंकाच्या लाडवात गूळ, तूप, खोबरं, खारीक हेच जास्त, डिंकात प्रोटीन नावालाच असतं. तो लाडू ताकदीचा आहे, प्रोटीनचा नाही, दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तसंच तालमीतल्या थंडाईचं. आमच्या गल्लीतले एक म्हातारे पैलवान आहेत, खासबागेत कुस्त्या मारलेले, ते अजून सांगतात बदाम घोटून प्यायचे, त्याच्यावर तूप, त्याच्यावर दूध. अरे पण मामा, तुम्ही पहाटे चारला उठून जोर-बैठका मारायचा, आम्ही दुकानात खुर्चीवर बसून ती थंडाई प्यायलो तर पोट दारातनं आधी बाहेर येईल आणि आम्ही मागून.

आणि दुसऱ्या बाजूनं विकतच्या बारची बाजू घेणारेही आहेत, त्यांच्यासाठी पण सांगतो. पाकीट उलटं करून वाचा. जो घटक वजनानं सगळ्यात जास्त तो पहिला लिहायचा असा नियम आहे, त्यामुळे पहिली तीन-चार नावं वाचली की माल कळतो. पोराच्या बारचं नाव नाही घेत, पण त्यात साखर शून्य लिहिलेली आणि खाली माल्टिटॉल होतं. हे साखरेसारखं गोड लागतं पण पोटात पूर्ण पचत नाही, जास्त झालं की गुडगुड आणि पळापळ. पाकिटावर तशी बारीक अक्षरात सूचना पण असते. आमच्या चिरंजीवांनी मॅचच्या दिवशी दोन खाल्ले होते. पुढचं सांगत नाही, पोरगं ही पोस्ट वाचतंय.

पण एक गोष्ट मान्य करायलाच पाहिजे. त्या बारमध्ये २० ग्रॅम प्रोटीन खरंच आहे आणि ते घरी दाणे-गुळावर येत नाही. कितीही आपटा. ते येतं व्हे पावडरमधून, म्हणजे चीज करताना दुधाचं जे पाणी उरतं त्यातलं प्रोटीन काढून वाळवलेलं. (चक्क्याचं किंवा पनीरचं पाणी पिऊन व्हे मिळतं असं समजणाऱ्यांनो, त्या पाण्यात १०० मिलीला एक ग्रॅमसुद्धा प्रोटीन नसतं. कणीक मळा त्यात, चपात्या मऊ होतात.) मी पावडर घालूनही बघितलं. गरम गुळात टाकली तर गुठळ्या झाल्या आणि चावताना चप्पल चावल्यासारखं लागलं. पुढच्या वेळी गूळ कोमट करून घातली, त्या दिवशी मस्त, तिसऱ्या दिवशी वीट. कंपनीवाले ग्लिसरीन वगैरे घालून ते मऊ ठेवतात, आपण काय ठेवणार. पावडर घ्यायचीच असेल तर दुधात ढवळून प्या आणि मोकळे व्हा.

सहा-सात रविवार वाया घालवून जे जमलं ते आता देतो. दाणे १५० ग्रॅम, खरपूस भाजून सालं काढून. एकेक दाणा बघून घ्या, एक खवट निघाला तर अख्खी वडी कडू, अनुभव आहे. फुटाणे १५० ग्रॅम, सालं पाखडून त्यांचं पीठ. साय काढलेल्या दुधाची पावडर १०० ग्रॅम, बिनसाखरेची घ्यायची, चहात घालायची नव्हे. तीळ ५०. गूळ १२०, तूप दीड-दोन चमचे. दाण्याचं निम्मं जाडसर कूट करायचं, निम्मे मिक्सरला तेल सुटेपर्यंत फिरवायचे, थांबत थांबत, मी काय सांगितलं मगाशी. सगळा कोरडा माल आधी परातीत एकत्र करून ठेवायचा, कारण पाक झाल्यावर हातात मिनिटभरच वेळ असतो.

पाक हाच खरा खेळ आहे. साधा गूळ घ्या, चिक्कीचा नको. तूप आणि दोन चमचे पाणी घालून मंद आचेवर. बुडबुडे दाट झाले की वाटीतल्या गार पाण्यात एक थेंब सोडायचा. बोटांत मऊ गोळी वळली की लगेच गॅस बंद. त्याच्या पुढं गेला तर थेंब पाण्यात टणक होतो, कट्‌ असा आवाज करून तुटतो, मग तुमची चिक्की झाली. माझी दोनदा झाली. एकदा तर सुरीनं कापेना म्हणून बत्त्यानं फोडली आणि त्या आठवड्यात पोरगं डबा न नेता गेलं.

या मापात बारा वड्या होतात, एकेक ५० ग्रॅमच्या आसपास. प्रोटीन नऊ ग्रॅम. दाण्यात जे लायसिन (प्रोटीन ज्या घटकांपासून बनतं त्यातला एक) कमी पडतं ते फुटाण्यात आणि दुधात भरपूर असतं, म्हणून हे तिन्ही एकत्र. खर्च आमच्या इथल्या भावानं वडीला अकरा-बारा रुपये, गॅस सोडून. कॅलरी मात्र सव्वादोनशे, म्हणजे पळणाऱ्या पोराला ठीक आहे, माझ्यासारख्यानं चहाबरोबर दोन उचलल्या की एका जेवणाची बेगमी झाली. मी उचलतो, ते सोडा.

नऊ ऐकून तोंड वाकडं करू नका. आयसीएमआरच्या (म्हणजे देशाच्या वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) हिशोबानं सर्वसाधारण माणसाला किलोमागं ०.८३ ग्रॅम लागतं, म्हणजे ६० किलोच्या माणसाला दिवसाला ५० ग्रॅम. खेळणाऱ्याला जास्त लागतं, कबूल. पण एक वडी, दोन उकडलेली अंडी आणि घरी आल्यावर वाटीभर उसळ एवढं केलं की प्रॅक्टिसनंतरचा २० चा आकडा गाठला जातो की. सगळं एकाच चकचकीत कागदात गुंडाळून यावं हा हट्ट कशाला.

वड्या बटर पेपरात गुंडाळून डब्यात आठ-दहा दिवस टिकतात. उन्हाळ्यात फ्रीजमध्ये ठेवा, नाहीतर बॅगेत वितळून सॉक्सला चिकटतात आणि ते धुवायला आपल्यालाच लागतं.

मॅचच्या दिवशी पोरगं अजून एक विकतचा घेतंच. घेऊ दे, मी काही बोलत नाही, आठवड्याला पाचाचा एक झाला. गेल्या आठवड्यात टीममधला एक पोरगा दुकानात झेरॉक्स काढायला आला होता, म्हणाला काका वडी भारी होती पण गूळ जरा जास्त वाटला. १२० चा १०० करून बघितला, वड्या कापताना भुगा झाल्या. आता ११० वर आलोय. रविवारी तिळाच्या जागी भोपळ्याच्या बिया घालणार होतो, त्यात १०० ग्रॅमला ३० ग्रॅम प्रोटीन असतं म्हणून, पण मार्केटला भाव विचारला आणि तीळच घेऊन आलो.