जाड नळी म्हणजे सरसकट सूट नव्हे

‘हेवी बॅरल (जाड नळी) असेल तर एआर-15 रायफल अमेरिकेतल्या मेरीलँड राज्यात कायदेशीर’ हे एका लेखातलं वाक्य अर्धंच खरं आहे. बंदीच्या यादीत ‘कोल्ट एआर-15, सीएआर-15 आणि त्यांच्या सर्व नकला’ आहेत, अपवाद फक्त ‘कोल्ट एआर-15 स्पोर्टर एच-बार’चा, म्हणजे जाड नळीच्या मॉडेलचा. 1 ऑक्टोबर 2013पासून लागू झालेल्या कायद्यानंतर सगळी मदार या एका ओळीवर आहे. गंमत म्हणजे नळीचा व्यास किती हवा, हे त्यात कुठेच लिहिलेलं नाही! एम-4 (अमेरिकी सैन्याची आखूड रायफल) धर्तीची नळी तोंडाशी जाड दिसते, पण हँडगार्डखाली (हात धरायच्या आवरणाखाली) बारीक असते. ती एच-बार नव्हे. नुसतं पुढचं टोक बघून खरेदी करणारे इथेच फसतात.

शिवाय एच-बार असूनही ‘कॉपीकॅट’ (बंदी असलेल्या बंदुकांसारख्या) शस्त्रांची अट वेगळी लागू होतेच. सुटं मॅगझिन लागणाऱ्या सेमी-ऑटो (चाप एकदा ओढला की एकच गोळी सुटणाऱ्या) सेंटरफायर (काडतुसाच्या तळाच्या मध्यावर आघात होणाऱ्या) रायफलवर फोल्डिंग स्टॉक (घडीचा दस्ता), फ्लॅश सप्रेसर (नळीच्या तोंडाची ज्वाळा झाकणारा भाग) आणि ग्रेनेड किंवा फ्लेअर लाँचर यांपैकी कोणतेही दोन असले, की ती बंदीत गेली. एकूण लांबी 29 इंचांपेक्षा कमी असली तरी तेच. नळीची किमान 16 इंचांची मर्यादा मात्र अमेरिकेच्या केंद्रीय कायद्याची आहे: बोल्ट (नळीची मागची बाजू बंद करणारा भाग) बंद करून, तोंडातून काठी बोल्टपर्यंत घालून मोजायची. स्क्रूने बसवलेला, सहज निघणारा मझल ब्रेक (धक्का कमी करणारा तोंडावरचा भाग) त्यात धरायचा नाही.

आणि हा अपवाद कॅलिफोर्नियात सांगू नका. तिथे सुट्या मॅगझिनच्या अशा रायफलला पिस्तूल ग्रिपसारखं एकच वैशिष्ट्य पुरतं, नळी कितीही जाड असो.