घाबरायला जागा हवी आहे

मला भुतांची आवड आहे. कुणाला नाटकाची असते, कुणाला क्रिकेटची, आमच्या मजल्यावर एकाला नुसती मयतीला जायची आवड आहे, तशी मला भुतांची. पुस्तकातली, सिनेमातली, कॉमिक्समधली, गाण्यातली, कुठलीही चालतात. अडचण एकच आहे. मी लालबागला चाळीत राहतो.

घाबरायला काळोख लागतो. आमच्या समोर गिरणीच्या जागेवर टॉवर उभा राहिलाय आणि त्याच्या उजेडात रात्री दोन वाजता तांदूळ निवडता येतात. एकांत लागतो. दहा बाय बाराच्या दोन खोल्यांत आई, बायको, मुलगी आणि मी. बरं, चाळीत दार दिवसभर उघडं. दुपारी कुणी दार लावून घेतलं तर अख्खा मजला घाबरतो. म्हणजे आमच्याकडे भीती आहे, पण ती शेजाऱ्यांच्या वाट्याला जाते.

सुरुवात भयकथावाल्या नारायण धारपांपासून झाली. धारप गेले २००८ साली, पण सर्क्युलेटिंग लायब्ररीतून आणलेल्या त्यांच्या पुस्तकांनी माझं बालपण त्याआधीच निकालात काढलं होतं. धारपांकडे साधं घर असतं, नवरा-बायको असतात, चहा होतो, सामान लावून होतं आणि मग केव्हातरी कोपऱ्यातला अंधार जरा जास्तच दाट वाटायला लागतो. ही दोनच पानं वाचून रात्री गॅलरीच्या टोकाच्या सार्वजनिक संडासाकडे जायचं म्हणजे काय, हे फ्लॅटमध्ये वाढलेल्यांना कळणार नाही. मी धाकट्या भावाला उठवून न्यायचो. तो बाहेर उभ्या उभ्या झोपायचा आणि आतून मी दर अर्ध्या मिनिटाला 'आहेस ना?' विचारायचो. एकदा उत्तर आलं, पण आवाज भावाचा नव्हता. तिसऱ्या खोलीतले काका रांगेत उभे होते. तशी अस्सल भीती पुन्हा अनुभवायला मिळाली नाही.

मोठेपणी मी लोकलमध्ये वाचायचा प्रयत्न केला. करी रोडला चढून गर्दीत पुस्तक नाकाशी धरायचं. एकदा ऐन मोक्याच्या जागी मी पान उलटायला गेलो, तर खांद्यावरून आवाज आला, ''जरा थांबा, माझं व्हायचंय.'' मी थांबलो. त्यांचं झालं, मान हलली, मी पान उलटलं. मशिदीला उतरताना त्यांनी विचारलं, ''उद्या हीच गाडी ना?'' दोन माणसं मिळून घाबरू शकत नाहीत हो. त्याला कीर्तन म्हणतात.

मुलीने जपानी कॉमिक्स घरात आणलं. जुन्जी इतो नावाचा चित्रकार आहे, तो आधी दातांचं काम करायचा. अंगावर काटा कुठे आणायचा हे तो तिथेच शिकला असावा. त्याच्या एका गोष्टीत भूकंपानंतर डोंगराच्या कड्यात माणसांच्या आकाराची भोकं दिसतात आणि लोकांना तिथे आपापलं भोक सापडतं. ते सापडलं की आत शिरल्यावाचून राहवत नाही. मुलगी डोळे विस्फारून सांगत होती, ''बाबा, तेवढ्याच जागेत घुसतात, मागे वळताही येत नाही!'' मी रोज सकाळी तेच करतो. फक्त मला पास काढावा लागतो.

बायकोला मात्र मी मोठ्या उमेदीने लवक्राफ्टची गोष्ट सांगितली. अमेरिकन लेखक, १९३७ साली वारला. समुद्राच्या तळाशी एक बुडालेलं नगर, तिथे युगानुयुगं झोपलेला एक देव, नाव क्थुलू, तोंडाच्या जागी वळवळत्या पायांचं माकूल, आणि त्याला नुसतं पाहूनच खलाशी जागच्या जागी मरतात. १९२८ साली ही गोष्ट छापून आली तेव्हापासून जगभरचे लोक त्या माकुलाला घाबरून आहेत. आमच्याकडे वेगळं झालं.

''केवढं म्हणालात?'' तिने विचारलं.

''डोंगराएवढं.''

''मग जून असणार. शिजायचं नाही. साफ करून देतात का?''

मी म्हटलं, अगं, लवक्राफ्टला मासे अजिबात चालत नसत, वासानेसुद्धा त्याला मळमळायचं. ती म्हणाली, ''तरीच.'' आणि खोबरं खवायला बसली. साहित्यसमीक्षेत इतका नेमका शब्द मी दुसरा वाचलेला नाही.

सिनेमाचं आईमुळे जमत नाही. ती वेंगुर्ल्याकडच्या आरवलीजवळची. तिच्या गावचा वेतोबा रात्री हद्दीवर फिरतो, फिरून फिरून त्याच्या चपला झिजतात, म्हणून लोक त्याला हातभर लांब नव्या चपला वाहतात आणि केळ्यांचे घड देतात. जिच्या लहानपणी वेताळाच्या चपलांची अशी चौकशी व्हायची, ती बाई सिनेमातल्या भुताला काय भिणार? 'रिंगू' हा १९९८चा जपानी सिनेमा. शेवटी टीव्हीत विहीर दिसते, विहिरीतून केस सोडलेली बाई वर येते, पुढे पुढे येते आणि थेट टीव्हीतून बाहेर सरपटत उतरते. आमचा टीव्ही फ्रिजच्या डोक्यावर आहे. खाली शिलाई मशीन, त्याच्यापुढे आईचं अंथरूण. ती बाई उतरली असती तर कंबरेत मोडली असती. तरी मी श्वास रोखून होतो. आई उठून बसली आणि चष्मा लावून पडद्याकडे बघत म्हणाली, ''हिचे पाय सुलटे आसत. ह्या खयचा भूत?''

मी समजावलं, की त्या नटीला उलटं चालायला लावून तो प्रसंग चित्रित केलाय आणि मग फिल्म उलटी फिरवलीये, म्हणून ती चाल अशी विचित्र दिसते. आईचं समाधान झालं. ''म्हणजे पाय उलटेच पडले! मगे बरोबर.'' आणि कूस बदलून झोपली. जपानी दिग्दर्शकाला वेंगुर्ल्याकडून पावती मिळाली, पण माझी भीती गेली ती गेलीच.

राहिलं गाणं. 'ब्लॅक सॅबथ' या इंग्रज बँडची पहिली तबकडी १३ फेब्रुवारी १९७० रोजी निघाली, तेव्हा शुक्रवार होता. साहेब १३ तारखेच्या शुक्रवाराला आपल्या अमावास्येसारखा टरकून असतो. बँडच्याच नावाचं पहिलं गाणं. पाऊस पडतोय, चर्चची घंटा वाजते आणि गिटारवर तीनच सूर येतात, ज्यांतल्या शेवटच्या अंतराला युरोपात पूर्वी सैतानाचा सूर म्हणत. मी रविवारी दुपारी तो जरा मोठ्याने लावला. दार अर्थात उघडंच होतं. शेजारचे नाना भजनी मंडळात पेटी वाजवतात. ते लुंगी सावरत दारात आले.

''सा, वरचा सा आणि मग तीव्र मध्यम. यमन बसवतोय का रे तो?''

''नाना, तो सैतानाचा सूर आहे.''

''असेल. आमच्याकडे पहिल्या वर्षाच्या पोरींना शिकवतात. पण हा पंचमावर का जात नाही? अडकलाय बिचारा.''

मग मी त्यांना गिटारवाल्या टोनी आयोमीची हकिगत सांगितली. बर्मिंगहॅमला पत्र्याच्या कारखान्यात कामाला होता, सतराव्या वर्षी, नोकरीच्या शेवटच्या दिवशी मशीनमध्ये उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं गेली. प्लास्टिकची बाटली वितळवून त्याने बोटांना टोपणं केली, पुढे तारा सैल केल्या आणि त्यातून तो जड, काळवंडलेला आवाज आला. नाना खाली बसले. बावीस वर्षं साचेखात्यात काढून १९८२च्या संपात त्यांची गिरणी सुटली. बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, ''भरपाई दिली का रे त्याला?'' त्यानंतर तासभर आम्ही कुणाकुणाची बोटं कुठल्या खात्यात गेली हेच बोलत होतो. सैतान राहिला बाजूला.

तर या मे महिन्यात योग आला. तिघीही गावाला गेल्या. घर माझं. चाळीस वर्षांत पहिल्यांदा मी रात्री दार लावलं. टॉवरच्या उजेडावर बायकोची जाड साडी अडकवली, मोबाइल बंद करून डब्यात ठेवला, विजेरी घेतली आणि बाराला धारप उघडले. एक वाजला, दोन वाजले. गॅलरीतलं बोलणं थांबलं, कुत्री थांबली. तीननंतर मानेवरचे केस खरोखर उभे राहिले. आनंदाने डोळ्यांत पाणी आलं. पानं उलटत होती, घरात तिसरं कुणीतरी असल्यासारखं वाटत होतं, आणि दुसरं कोण हेही मला आठवत नव्हतं.

आणि मोरीतून आवाज आला.

आधी हिस्स. मग घशात कफ अडकल्यासारखी घरघर. मग एक लांब, ओला, रडवेला उसासा. विजेरी हातातून पडली. मी भिंतीला पाठ लावून देवाचं नाव आठवायला लागलो. धारपांच्या गोष्टीत अशा वेळी त्यांचे समर्थ नावाचे नायक येतात आणि सगळं निस्तरतात. माझ्याकडे कुणी आलं नाही. पुन्हा घरघर, एक उचकी, आणि सगळं थंड.

चांगली पाच मिनिटं गेल्यावर घड्याळाकडे लक्ष गेलं. साडेपाच. आमच्याकडे पाणी साडेचारला येतं आणि साडेपाचला जातं. आदल्या रात्री नळ घट्ट बंद करायचा राहिला होता. तासभर तो मोरीत वाहत होता, पण मी तेव्हा शापित वाड्यात होतो. मला ऐकू आला तो नळाचा शेवटचा श्वास. पिंप कोरडं. कळशीत कालचं दोन पेले.

सातला मोबाइल डब्यातून काढून चालू केला. नऊ मिस्ड कॉल होते. दहावा हातातच वाजला.

''अहो, काळजीने जीव गेला माझा! पाणी भरलंत ना?''

''भरलं की.''

मागून आईचा आवाज आला, ''पिंपार थाप मारून दाखय म्हणा तेका.''

मी मारली. पिंप देवळातल्या नगाऱ्यासारखं घुमलं. पलीकडे कुणीच काही बोललं नाही. इतकी शांतता मी आयुष्यात पहिल्यांदाच ऐकत होतो.