आधी आपला संगणक पाहावा

व्हिडिओ संकलन शिकणाऱ्या नवशिक्यांनी थेट दाविंची रिझॉल्व्ह हे संकलनाचे सॉफ्टवेअर शिकावे, हा तुमच्या लेखातील सल्ला मला अर्धाच पटतो. त्याच्या मोफत आवृत्तीतील रंगसुधारणेची साधने व्यावसायिक दर्जाची आहेत, यात शंका नाही. परंतु वेगळे ग्राफिक्स कार्ड नसलेल्या माझ्या ८ जीबी रॅमच्या लॅपटॉपला बहिणीच्या साखरपुड्याचे फोर-के (अतिशय उच्च रिझोल्यूशनचे) चित्रण कोणत्याच सॉफ्टवेअरमध्ये पेलेना. शेवटी केडेनलाइव्ह या मुक्त सॉफ्टवेअरमध्ये प्रॉक्सी, म्हणजे मूळ चित्रणाच्या कमी रिझोल्यूशनच्या हलक्या प्रती, तयार करून मी संकलन केले आणि अंतिम व्हिडिओ मात्र मूळ फायलींवरूनच पूर्ण दर्जाचा काढला. मराठी शीर्षके द्यायची असल्यास ‘ज्ञानेश्वर’, ‘कार्यक्रम’ असे शब्द टंकून जोडाक्षरे आणि रफार नीट उमटतात का, हे कोणत्याही सॉफ्टवेअरसाठी पैसे भरण्यापूर्वीच तपासून घ्यावे.