निळू फुले: एका फॉरवर्डचा हिशेब

दर जुलैत, 13 तारखेच्या, म्हणजे स्मृतिदिनाच्या आसपास, निळू फुले यांच्यावरचा एक मजकूर फोनोफोनी फिरतो. शब्द थोडे बदलतात, गोष्ट तीच राहते. निळूभाऊ हे एक साधे, अडाणी माळी. अभिनय कशाशी खातात हे त्यांना ठाऊक नव्हतं. गावरान माणूस जसा होता तसा कॅमेऱ्यासमोर उभा राहिला आणि नट झाला. आयुष्यभर त्यांनी एकच भूमिका केली, ‘बाई, वाड्यावर या’ म्हणणाऱ्या लंपट पाटलाची. ती इतकी हुबेहूब वठली की बायका त्यांना खरोखर शिव्या घालत. मग ही प्रतिमा धुऊन काढायला उतारवयात समाजसेवा केली. आणि शेवटी हिंदीवाल्यांनी व सरकारने त्यांची उपेक्षा केली ती केलीच. खाली हात जोडलेले, डोळे ओले.

लिहिणाऱ्याचं प्रेम खोटं नाही. पण या गोष्टीत निळूभाऊंकडून त्यांचं डोकंच काढून घेतलंय, म्हणून एकेक मुद्दा पाहू.

माळी होते हे खरं. पण ती नोकरी पुण्यातल्या आर्म्ड फोर्सेस मेडिकल कॉलेजातली होती. पगार महिना 80 रुपये, आणि त्यातले 10 रुपये ते राष्ट्र सेवा दल या समाजवादी विचारांच्या संघटनेला देत. हा तपशील फॉरवर्डमध्ये कधी नसतो. तो घातला की ‘जसा होता तसा उभा राहिला’ हे वाक्य लंगडं पडतं. कारण सेवा दलात कलापथक होतं आणि निळूभाऊंची शाळा तीच.

कलापथक म्हणजे हौशी मंडळींचं स्नेहसंमेलन नव्हे. तमाशाचा ढाचा घ्यायचा (गण, गवळण, मग बतावणी म्हणजे नटांची हजरजबाबी जुगलबंदी, आणि वग म्हणजे मूळ कथानाट्य) आणि त्यात आजचं राजकारण भरायचं, असा तो उद्योग. दादा कोंडके आणि राम नगरकर हेही त्याच मुशीतून आले. बतावणीत उभं राहणं म्हणजे काय हे ज्याने उघड्या मैदानावर एकदा पाहिलंय, तो ‘शिक्षण नव्हतं’ असं म्हणणार नाही. संहिता अर्धी हातात, अर्धी हवेत. समोरच्या नटाने टाकलेलं वाक्य झेलायचं, त्यात त्या गावातली ताजी भानगड मिसळायची, मागच्या रांगेतल्या टवाळाला उत्तर द्यायचं आणि पुन्हा मूळ कथेवर यायचं. प्रेक्षकांच्या हशात आपलं पुढचं वाक्य बुडू न देणं हे एकटंच कसब शिकायला वर्षं जातात. नाट्यशाळेतून आलेल्या भल्याभल्यांना ते साधत नाही, हे माझं मत; कुणाला राग आला तर येवो.

शिवाय ते नुसते नट नव्हते. 1957 च्या निवडणुकीच्या आधी त्यांनी ‘येरागबाळ्याचे काम नोहे’ हा वग लिहिला. संयुक्त महाराष्ट्राच्या प्रश्नावर राज्य पेटलेलं असताना निवडणुकीच्या तोंडावर राजकीय वग लिहिणाऱ्या माणसाला अडाणी म्हणायचं असेल तर शहाणा कोणाला म्हणायचं? त्यानंतर ‘कथा अकलेच्या कांद्याची’ या लोकनाट्याने त्यांचं नाव महाराष्ट्रभर झालं. पहिला चित्रपट, अनंत माने यांचा ‘एक गाव बारा भानगडी’, आला 1968 साली. म्हणजे वग लिहिल्यानंतर अकरा वर्षांनी. कॅमेऱ्यासमोर ‘सहज’ उभं राहायला एवढा काळ लागला.

आता पाटील. सगळ्यात घट्ट बसलेला समज हाच.

पहिल्याच चित्रपटातला झेलेअण्णा हा वाड्यातला पाटील नाही. तो गावातल्या भानगडी जुळवणारा, काड्या सारणारा इसम. रंगभूमीवर 1972 साली त्यांनी विजय तेंडुलकरांचा सखाराम बाइंडर उभा केला, कमलाकर सारंग दिग्दर्शक, समोर चंपा म्हणून लालन सारंग. सखाराम कोण? छापखान्यात पुस्तकं बांधणारा कारागीर, जन्माने ब्राह्मण, नवऱ्यांनी टाकलेल्या बायका घरी आणून स्वतःच्या नियमांवर ठेवणारा, रात्री मृदंग बडवणारा. बाईला घरात घेताना तो तिला अटी वाचून दाखवतो आणि त्या अटींत त्याला स्वतःचा प्रामाणिकपणा दिसतो. त्या माणसाचा किळसही यावा आणि त्याचं बोलणं ऐकतही राहावं, ही या भूमिकेची गोची. सेन्सॉरशी कोर्टापर्यंत भांडून जे नाटक टिकलं त्याचा मुख्य भार ज्या नटावर होता, त्याच्यावरच्या मजकुरात त्या नाटकाचा साधा उल्लेख नसावा, याचं मला दरवर्षी नवल वाटतं.

मग ‘सामना’. 1975 च्या बर्लिन महोत्सवात गेलेला, जब्बार पटेलांचा पहिला चित्रपट, लेखन पुन्हा तेंडुलकरांचं. यातला हिंदुराव धोंडे पाटील हा आडनावाने पाटील असला तरी जुन्या वतनाचा पाटील नाही. वंशपरंपरेची पाटीलकी महाराष्ट्रात 1962 च्या कायद्याने गेली. त्याच वर्षी जिल्हा परिषदा आणि पंचायत समित्या कामाला लागल्या, सहकारी साखर कारखाने तर आधीपासून उभे राहत होते. गावातली सत्ता वाड्यातून उठून कारखान्याच्या, बँकेच्या, समितीच्या खुर्चीत जाऊन बसली. हिंदुराव ही त्या खुर्चीतली असामी आहे. त्याच्यापाशी चाबूक नाही, पाहुणचार आहे. बेवारस, दारूत बुडालेल्या मास्तरांना तो घरी आणतो, खाऊपिऊ घालतो, त्यांच्याशी गप्पा मारतो. डॉ. श्रीराम लागूंचे मास्तर गावातून नाहीशा झालेल्या माणसाबद्दल ‘मारुती कांबळेचं काय झालं?’ असं विचारू लागतात तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर राग यायच्या आधी येते ती दुखावलेली अदब. आपण याच्यासाठी एवढं केलं आणि हा असं विचारतो, हा भाव. हा अभिनय करायला सत्ता कशी चालते याची समज लागते. ती निळूभाऊंना होती, कारण तरुणपणापासून ते तिच्यावर विनोद रचत आले होते.

नकलाकारांनी जो आवाज घराघरात पोचवला तो इथे सापडत नाही. नकलेतला पाटील ओरडतो, मिशा पिळतो, डोळे वटारतो. हिंदुराव आवाज खाली आणतो. घोगरा, शब्दाचं शेपूट थोडं लांबवलेला, समोरच्याला नीट ऐकण्यासाठी पुढे वाकायला लावणारा तो आवाज. ‘वाड्यावर या’ हे वाक्य त्यांच्या नावावर चढवताना त्या मजकुरात चित्रपटाचं नाव कधीच दिलेलं नसतं. नाव देता येतं अशी कामं एवढी पडली असताना त्या एका वाक्यावर माणूस तोलायचा, हा आळस आहे.

आणि ‘एकच भूमिका’ म्हणणाऱ्यांनी ‘सिंहासन’ पाहिलाच नसावा. 1979 चा हा चित्रपट अरुण साधूंच्या दोन कादंबऱ्यांवर बेतलेला. मुख्यमंत्र्याच्या खुर्चीभोवतीच्या खेळाचा, मोर्चे, संप, फोनाफोनीचा साक्षीदार म्हणजे पत्रकार दिगू टिपणीस. तो निळूभाऊंचा. सगळं पाहतो, सगळं कळतं, काही करता येत नाही, आणि शेवटी त्याचं भान सुटतं. ‘सूर्यास्त’ या जयवंत दळवींच्या नाटकात तर ते गांधीवादी अप्पाजी झाले, सत्तेवर बसलेल्या स्वतःच्या मुलाशी उभा दावा मांडणारे. राम नगरकरांबरोबरची त्यांची निखळ विनोदी कामं आणखी वेगळी. खलनायक, बाइंडर, पत्रकार, स्वातंत्र्यसैनिक: यातला कोणता माणूस ‘जसा होता तसा’ उभा राहिला, हे फॉरवर्ड करणाऱ्याने सांगावं.

बायका शिव्या घालत, हा मुद्दा मी खोडणार नाही. त्यांच्या नावाने बोटं मोडली गेली, हे मराठी घरांत अजून सांगितलं जातं. पण त्याचा अर्थ ‘प्रेक्षक भोळे होते, त्यांना नट आणि भूमिका यांतला फरक कळेना’ असा लावणं मला पटत नाही. शिवी पडद्यावरच्या माणसाला होती, कारण तसा माणूस ओळखीचा होता. आपल्याच गावात, आपल्याच सोसायटीत. ज्याला तोंडावर बोलता येत नव्हतं त्याच्या वाटणीचं निळूभाऊंनी ऐकून घेतलं.

समाजसेवेचा मुद्दा तर कालक्रमातच आपटतो. परिमार्जन करायला आधी पाप लागतं, इथे ‘पुण्य’ आधीचं आहे. सेवा दल आधी, सिनेमा नंतर. पुढे अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कामात ते उभे राहिले. पूर्णवेळ काम करणाऱ्या कार्यकर्त्यांना दरमहा मानधन देता यावं म्हणून सामाजिक कृतज्ञता निधी उभारला गेला, त्यातही डॉ. लागूंबरोबर ते होते. ज्या चळवळीने नट घडवला तिच्याशी त्यांनी नातं तोडलं नाही, एवढंच त्यात आहे. पश्चात्तापाचा सूर त्याला फॉरवर्ड लिहिणाऱ्याने लावला.

एक गोष्ट मात्र मान्य करायला हवी. सत्तरच्या आणि ऐंशीच्या दशकांत त्यांनी ठोकळेबाज कामंही भरपूर केली. तमाशा, सरपंच, जमीन बळकावणं, शेवटी हाणामारी, असे चित्रपट एकामागून एक निघत होते, निर्मात्याला तयार खलनायक हवा होता आणि नटाला घर चालवायचं होतं. त्यांतले बरेच आज बघवत नाहीत. तरी त्यांतही ते अधूनमधून एखादं वाक्य असं टाकून जातात की बाकीचा प्रसंग त्यापुढे पुठ्ठ्याचा वाटावा. ‘एकच भूमिका’ हा समज तिथूनच पसरला, आणि त्यात निर्मात्यांचा वाटा नटापेक्षा मोठा आहे.

राहिली उपेक्षा. संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार त्यांना 1991 साली मिळाला होता. हा शोध घ्यायला दोन मिनिटं लागतात. हिंदीत त्यांच्या ताकदीची कामं थोडी आली, हे बरोबर. पण 1984 चा ‘सारांश’ काढून बघा. त्यात त्यांचा गजानन चित्रे हा पुढारी आहे, मुंबईतला, पांढऱ्या कपड्यांतला, मुलाच्या कृत्यावर पांघरूण घालण्यासाठी एका म्हाताऱ्या जोडप्याला आणि एका गरोदर मुलीला जेरीस आणणारा. त्या चित्रपटात अनुपम खेर यांच्या प्रधान मास्तरांचं सगळ्यांनी कौतुक केलं, ते योग्यच. पण ते मास्तर ज्याच्यामुळे थरथरतात तो माणूस कोण आहे, हे नाव वाचल्याशिवाय पुष्कळ हिंदी प्रेक्षकांच्या लक्षात येत नाही. आणि तिथे ना वाडा आहे, ना फेटा.