काचेआडचे पेन्शनर

संग्रहालय या संस्थेचा सारा डोलारा एका साध्या गृहीतावर उभा असतो: काचेच्या कपाटात गेलेली वस्तू सेवानिवृत्त झालेली आहे आणि यापुढे तिने केवळ दिसावे, एवढीच तिच्याकडून अपेक्षा आहे. गोव्यातल्या एका तालुक्याच्या गावी छोटेसे सार्वजनिक संग्रहालय सांभाळणाऱ्या माझ्यासारख्या अभिरक्षकाला हे गृहीत रोज सकाळी दहा वाजता दार उघडताना नव्याने मनाशी घोकावे लागते, कारण साडेदहापर्यंत कोणीतरी येऊन त्यातल्या एखाद्या वस्तूला कामावर परत बोलावतेच.

पर्यटकांविषयी माझी तक्रार नाही. पावसाने समुद्रकिनारे बंद पाडले की ते आमच्याकडे वळतात. त्यांचा पहिला प्रश्न स्वच्छतागृहाचा असतो, दुसरा वातानुकूलनाचा आणि तिसरा इन्क्विझिशनच्या, म्हणजे पोर्तुगीज काळातील धर्मन्यायालयाच्या, टेबलाचा. ते टेबल पणजीच्या राज्य संग्रहालयाकडे आहे. व्हाइसरॉयांची आणि गव्हर्नरांची चित्रे, जी रंगवून घेण्याची प्रथा पोर्तुगीज गव्हर्नर जुवांव द कास्त्रो याने 1547 मध्ये पाडली, ती जुन्या गोव्यातील पुरातत्त्व संग्रहालयात आहेत. आणि सेंट फ्रान्सिस झेवियर यांचे शव तेथूनच हाकेच्या अंतरावर बॉम जेझूस बॅसिलिकेत आहे, असे मी नम्रपणे सांगतो. ‘मग तुमच्याकडे काय आहे?’ या चौथ्या प्रश्नाला मी नांगर, पायल्या, दिवल्या, पाणी तापवायचे एक भाण, भाटकाराची म्हणजे जमीनदाराची एक खुर्ची आणि काही दगडी मूर्ती अशी यादी देतो. ते शिष्टाचार म्हणून एक फेरी मारतात, छायाचित्र घेतात आणि पाऊस थांबला की जातात. आमच्या वस्तू आता निरुपयोगी आहेत यावर त्यांचा ठाम विश्वास असतो आणि त्याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे. त्रास असतो तो आपल्या माणसांचा.

भाणाचेच उदाहरण घ्या. न्हाणीघरात गीझर आला, घराच्या वाटण्या झाल्या आणि आजीच्या काळातले तांब्याचे भाण कोणत्याच फ्लॅटच्या दारातून आत जाईना, तेव्हा एका सद्गृहस्थांनी ते आम्हाला दान दिले. रीतसर दानपत्र झाले, नोंदवहीत क्रमांक पडला, तो क्रमांक भाणाच्या बुडाशी रंगवला गेला. पुढे त्यांच्या कन्येचे लग्न ठरले आणि ते टेम्पो घेऊनच आले. त्यांच्या घरातल्या प्रत्येक नवरीचे न्हाण त्याच भाणातल्या पाण्याने झाले होते, त्यामुळे ते एका दिवसासाठी हवे होते. मी त्यांना बसवले, चहा दिला आणि समजावले की संग्रहालयातील वस्तू बाहेर देता येते, नाही असे नाही. परंतु त्यासाठी उसनवारीचा करार लागतो, वस्तूच्या स्थितीचा अहवाल जाताना आणि येताना करावा लागतो, विमा उतरवावा लागतो, आणि हे सारे दुसऱ्या संग्रहालयात प्रदर्शन असेल तर.

‘बाब, आम्हाला पाणी तापवायचे आहे, प्रदर्शन कुठे भरवायचे आहे?’ ते म्हणाले. मग माझ्या चेहऱ्यावरची काळजी पाहून त्यांनी मला धीर दिला, ‘तुम्ही अजिबात घाबरू नका. परत आणताना चिंच लावून असे लखलखीत करून आणतो की तुम्ही ओळखणार नाही.’

नेमकी तीच भीती होती. जुन्या तांब्यावर कित्येक वर्षांत जो काळपट थर चढतो, त्याला आमच्या शास्त्रात वस्तूचे वय आणि संरक्षण दोन्ही मानतात. गोव्यातल्या गृहिणीच्या शास्त्रात त्याला मळ म्हणतात. या दुसऱ्या शास्त्राच्या अभ्यासक आमच्याकडे फार मोठ्या संख्येने येतात, भाणासमोर उभ्या राहतात आणि मला ऐकू जाईल इतक्या आवाजात हळहळतात, ‘सरकारी पगार घेतात, पण साधी चिंच लावत नाहीत.’ अखेर वाटाघाटी होऊन असे ठरले की नवरीच्या मावश्यांनी पाण्याचा तांब्या झाकण लावून आणावा, दोरीच्या अलीकडे उभे राहून तो भाणाला दाखवावा आणि तेच पाणी न्हाणाच्या पाण्यात मिसळावे. अभ्यागतांनी वस्तूंकडे झाकलेला तांब्या रोखून पाहू नये असे आमच्या नियमावलीत कोठेही म्हटलेले नाही. लग्न उत्तम पार पडले, असे कळले.

पायलीचे प्रकरण इतक्या सुखाने संपले नाही. ती लाकडी पायली एका जुन्या भाटकार घराण्याने दिलेली असून तिच्याखालची दात्याच्या नावाची पाटी, दात्याच्याच आग्रहावरून, पायलीपेक्षा मोठी आहे. एके दिवशी एक निवृत्त शिक्षक तिच्यासमोर बराच वेळ उभे राहिले आणि दुसऱ्या दिवशी उकड्या तांदळाची पिशवी घेऊन परतले. त्यांचे आजोबा त्याच भाटकाराचे कूळ होते. आजोबा मरेपर्यंत सांगत असत की त्या घरात दोन पायल्या होत्या: खंड म्हणून भात घ्यायची मोठी आणि उसने भात द्यायची लहान. ‘यातली ही कोणती, एवढेच मला पाहायचे आहे,’ असे ते अत्यंत सभ्यपणे म्हणाले. दुर्दैवाने त्याच वेळी भाटकारांचे नातू आपली पाटी पुसली जाते की नाही हे पाहण्याच्या नेहमीच्या दौऱ्यावर आले होते. गोव्यात 1964 मध्ये कूळ कायदा झाला, 1975 मध्ये मुंडकारांना, म्हणजे भाटकाराच्या जमिनीवर घर करून राहणाऱ्यांना, घरातून काढण्यापासून संरक्षण देणारा कायदा झाला. या दोन्ही कायद्यांनंतरही जे काही शिल्लक राहिले होते, त्याची सुनावणी आमच्या दुसऱ्या दालनात सुरू झाली.

दोघांनीही मला निःपक्षपाती पंच नेमले आणि तांदूळ मोजून टाका म्हणाले. दालनात धान्य आणणे म्हणजे सोंडे, पोरकिडे आणि त्यांच्या मागोमाग पाली व उंदीर यांना लेखी आमंत्रण देणे होय, म्हणून मी त्यास नकार देऊन एक आधुनिक मार्ग सुचवला: पायलीचा आतला व्यास आणि खोली मोजू आणि आकारमान गणिताने काढू. मी कॅलिपर आणला, मापे घेतली, कागदावर गुणाकार मांडला. भाटकारांचे नातू म्हणाले की लाकूड इतक्या वर्षांत फुगले असणार. शिक्षक म्हणाले की लाकूड आटले असणार. पुढे असे दिसून आले की दोघांपैकी कोणाचाही 22/7 वर विश्वास नाही. शिक्षकांनी तर हा अपूर्णांक आपण सबंध हयातभर शिकवला आहे आणि म्हणूनच त्यावर विसंबत नाही, असे स्पष्ट केले. पायली लहान की मोठी हा प्रश्न आजही खुला आहे. तुलनेसाठी दुसरी पायली लागेल, आणि ती आपल्या घरात कधीच नव्हती असे दाते शपथेवर सांगतात.

खुर्चीविषयी फार लिहीत नाही. तिच्यावर लोक बसतात, एवढेच. ‘बसू नये’ ही पाटी मांडीवर ठेवून बसतात. तिच्या दात्यांना ती ‘पुरातन’ म्हणून जाहीर व्हायला हवी आहे. 1972 च्या पुरावशेष कायद्याप्रमाणे त्यासाठी किमान शंभर वर्षे लागतात आणि खुर्चीच्या नव्वदीच्या पुढे काही पुरावा मिळत नाही, हे सांगितल्यापासून ते दर वर्षी वाढदिवसाला फोन करतात. वाढदिवस खुर्चीचा.

वार्षिक पडताळणी हा आमच्या व्यवसायातला सर्वांत गंभीर विधी आहे. नोंदवही घेऊन एकेक वस्तू क्रमांकानिशी तपासायची असते. वस्तू कमी भरली तर काय करायचे हे सर्वांना ठाऊक आहे: अहवाल, चौकशी, पोलीस. परंतु एका वर्षी आमच्याकडे पितळेची एक दिवली जास्त भरली. वस्तू जास्त भरल्यास काय करावे याबद्दल कोणत्याही परिपत्रकात चकार शब्द नाही, कारण असा प्रसंग उद्भवेल असे परिपत्रक काढणाऱ्यांना कधी वाटले नसावे. लेखापरीक्षकांनी विचारले की ही आली कोठून, कोणत्या शीर्षाखाली खरेदी केली, निविदा कोठे आहे. दिवलीवर क्रमांक नव्हता, दानपत्र नव्हते. घडण मात्र जुनी आणि वात ताजी होती. वातीवरून शेवटी उलगडा झाला. आमच्या रात्रपाळीच्या रखवालदाराने पावसाळ्यात वीज जाते तेव्हा उजेड हवा म्हणून ती घरून आणून दिवल्यांच्या रांगेत ठेवली होती. एवढ्या दिवल्या असताना एकही पेटत नाही, याचे त्याला मनस्वी दुःख होते. दालनात ज्योत पेटवणे हा किती भयंकर प्रकार आहे हे मी त्याला पटवून दिले आणि विजेरी दिली. जाताना तो म्हणाला की दिवलीला सेल लागत नाहीत.

आता पावसाविषयी, कारण वस्तूंना निवृत्त होऊ न देणाऱ्यांमध्ये तोही आहे. गोव्यात वर्षाला सरासरी 3000 मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि हवेतील सापेक्ष आर्द्रता आठवडेच्या आठवडे ऐंशी टक्क्यांच्या खाली येत नाही. कागद, कापड आणि लाकूड यांना ती पन्नासच्या आगेमागे हवी असते. पासष्ट-सत्तरच्या वर गेली की बुरशी धरते. जूनपासून सप्टेंबरपर्यंत माझे आयुष्य आर्द्रतामापकाच्या काट्याभोवती फिरते. हवेतील ओल शोषणारे यंत्र अखंड चालते आणि त्याची बादली भरली की रिकामी करावी लागते. आमचा शिपाई ते पाणी वाया घालवत नाही. आवारातली तुळस त्यावरच आहे, भर पावसात. कपाटांमध्ये सिलिका जेलचे निळे खडे ठेवलेले असतात. ओल शोषून ते गुलाबी झाले की तापवून पुन्हा निळे करायचे असतात. ‘गुलाबीच छान दिसतात, राहू द्या ना,’ असे आमच्या सफाई कर्मचारी बाईंचे मत आहे. मध्येच जरा ऊन पडले की ‘वस्तूंना वारा लागू दे’ म्हणून त्याच सगळ्या खिडक्या उघडतात, आणि काटा नव्वदीत जाऊन बसतो. एकदा सांग्याकडचे एक वृद्ध शेतकरी हा सारा खटाटोप शांतपणे पाहत होते. कुशावतीच्या काठी उसगाळीमळ येथे जांभ्यावर कोरलेली बैलांची चित्रे त्यांनी लहानपणापासून पाहिली होती. पुरातत्त्वज्ञांना ती दिसली 1993 मध्ये. ते शेतकरी म्हणाले, ‘ते बैल हजारो वर्षे उघड्यावर पावसात आहेत. त्यांना हे यंत्र लावले नाही म्हणून ते टिकले.’ यावर संवर्धनशास्त्रात उत्तर आहे, पण ते लांब आहे, आणि त्यांची बस होती.

खंडेनवमीला कर्मचारी आपापल्या हत्यारांची पूजा करतात. संग्रहालयात तलवारी आहेत, नांगर आहे, कोयते आहेत. त्यांच्याकडे कोणी ढुंकूनही पाहत नाही. झेंडूची माळ आणि हळदकुंकू मिळते ते ओल शोषणाऱ्या यंत्राला. काय अजून कामावर आहे हे आमच्या शिपायाला बरोबर कळते.

प्रदर्शनाचे उद्घाटन हाही असाच एक पूजाविधी असतो. जुने कागद आणि वस्त्रे यांवर 50 लक्सपेक्षा अधिक प्रकाश पडू नये, कारण प्रकाशाने झालेली हानी साठत जाते आणि भरून निघत नाही. म्हणून आम्ही मोठ्या कष्टाने अंधार निर्माण करतो, आणि प्रमुख पाहुणे पहिले पाऊल टाकताच विचारतात, ‘वीजबिल भरले नाही का?’ त्यांच्या मागून चित्रीकरणाचे दिवे येतात. समई दालनात पेटवता येत नाही म्हणून पोर्चमध्ये ठेवली, तर तेथे वारा तिला टिकू देईना. भाषणे मात्र टिकली.

शेवटी उरतो तो तिसऱ्या दालनातला बेताळ. ही मूर्ती शेतात सापडलेली, झिजलेली, पण डोळे शाबूत असलेली आहे. तिच्यासमोर लोक चपला काढतात, फुले ठेवतात आणि नाणी टाकतात. फुलांचे निर्माल्य होते, कुंकू मऊ ब्रशाने काढता येते. नाण्यांचे काय करावे हे कोणी सांगू शकत नाही. तिकिटविक्रीच्या शीर्षात ती बसत नाहीत आणि देणगीच्या शीर्षाला देणगीदाराचे नाव लागते. आमच्या लेखापालांनी, जे वाचक गृहस्थ आहेत, 1878 च्या निखात निधी कायद्याचा आधार काढून सुचवले की दहा रुपयांहून अधिक किमतीचा निधी सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना कळवणे बंधनकारक आहे आणि नाणी दहा रुपयांवर केव्हाच गेली आहेत. तो निधी जमिनीत पुरलेला असावा लागतो, असे मी निदर्शनास आणले. ‘पुरता येईल,’ ते म्हणाले.

हे चालू असतानाच कोणीतरी बेताळापुढे कातडी वाहाणांचा एक नवाकोरा जोड ठेवून गेले. बेताळ रात्री गावाची राखण करत फिरतो आणि त्याच्या वाहाणा झिजतात, म्हणून त्या वाहण्याची चाल गोव्यात सर्वपरिचित आहे. संग्रहालयात मात्र कातडे म्हणजे बुरशीचे माहेर, त्यामुळे त्या दालनात राहू देणे शक्य नव्हते. फेकून देण्यास एकही कर्मचारी तयार होईना. संग्रहात घ्याव्यात तर दानपत्र नाही. तेव्हा मी त्या ‘हरवलेल्या व सापडलेल्या वस्तू’ या नोंदवहीत चढवून कपाटात ठेवण्याचा आदेश दिला आणि नोंद करण्याचे काम रखवालदाराकडे सोपवले. तिमाही तपासणीत ती वही माझ्यासमोर आली. मालकाचे नाव: बेताळ. पत्ता: दालन क्रमांक तीन. मालकाची ओळख पटली आहे काय, या रकान्यात त्याने सुवाच्य अक्षरात लिहिले होते: होय, रात्रपाळीला रोज भेट होते. खाली माझ्या सहीसाठी जागा सोडलेली होती, आणि लेखापरीक्षक यायचे होते, म्हणून मी सही केली.