सर्पदंश व्हावा म्हणून शेतकरी बांधवांनी घ्यावयाची काळजी

सुरुवातीलाच एक अडचण सांगून ठेवतो. साप या कामात स्वतःहून सहकार्य करत नाही. माणूस हे त्याचं भक्ष्य नाही, विष पुन्हा तयार व्हायला दिवस लागतात, आणि ते उंदरांसाठी राखून ठेवण्याकडेच त्याचा कल असतो. पावलांचा हादरा जमिनीतून जाणवला की बरेचसे साप आपणच वाट सोडतात. त्यामुळे दंश घडवून आणायची मेहनत आपल्यालाच घ्यावी लागते. समाधानाची गोष्ट एवढीच की ही मेहनत आपल्याकडे पिढ्यानपिढ्या मन लावून चालू आहे. २००० ते २०१९ या वीस वर्षांत देशात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसं गेली, म्हणजे वर्षाला ५८ हजारांच्या आसपास, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. २०२४ मध्ये केंद्र सरकारने हे मृत्यू २०३० पर्यंत निम्म्यावर आणण्याचा कृती आराखडा जाहीर केला. तो हाणून पाडायचा असेल, तर प्रत्येकाने आपापल्या बांधापासून सुरुवात केली पाहिजे.

पायापासूनच घ्या. दंश बहुतेक वेळा पावलावर किंवा घोट्याच्या आसपास होतो, म्हणून तो भाग कायम उघडा ठेवावा. पट्ट्याची स्लीपर चालेल, अनवाणी असाल तर उत्तम. गुडघ्याखालपर्यंत येणारे रबरी गमबूट तालुक्याच्या बाजारात पाचशेच्या आत मिळतात, पण त्यांच्या वाटेला जाऊ नका. जाड, सैल रबर आड आलं की दात कातडीपर्यंत पोचायची शक्यता फार कमी होते. शिवाय गमबुटात पाय घामेजतात आणि गावात लोक विचारतात, ‘काय, साहेब झालास का?’ या प्रश्नापुढे दंशाने मूत्रपिंडं निकामी होऊन करावं लागणारं डायलिसिस परवडलं.

वेळ रात्रीची निवडावी. खरं म्हणजे ती आपल्याला निवडावीही लागत नाही. शेतीची लाईट पाळीने रात्री देण्याची सोय वीज कंपनीने केलेलीच आहे. उसाला किंवा गव्हाला दारं धरायला निघायचं ते नेमकं घोणस आणि मण्यार बाहेर पडायच्या वेळेला. त्यातली खुबी समजून घ्या. पाणी वाफ्यात शिरलं की उंदरांची बिळं भरतात, उंदीर बांधावर येतात, आणि त्यांच्या मागोमाग, किंवा त्याच बिळातून, साप येतो. वाफ्यात चिखल असल्याने आपणही बांधावरूनच चालतो. एवढ्या अरुंद जागेत तिघांची गाठ पडणं निसर्गनियमाने ठरलेलं. यात विघ्न एकच, उजेड. हातात फावडं असल्यामुळे बॅटरी धरता येत नाही, ही सबब उत्तम आहे. डोक्याला पट्ट्याने बांधायची बॅटरी मिळते, हे कोणाला सांगू नका. मोबाईलचा उजेड खिशातूनच पडू द्यावा. काठी नेलीच तर खांद्यावर ठेवावी, पुढे आपटत जाऊ नये. आणि कुकरच्या शिट्टीसारखा लांबच लांब फुत्कार ऐकू आलाच, तर जागच्या जागी थांबून, उजेड टाकून, आवाज कुठून येतो ते पाहून मागे सरकू नका. घोणस एवढा मोठा इशारा देते तो ऐकायला नव्हे, दुर्लक्ष करायला.

आता हात. भातकापणीच्या दिवसांत हाताला दंश करून घेणं सगळ्यात सोपं, कारण विळा उजव्या हातात आणि चुडाची, म्हणजे भाताच्या ठोंबाची, मूठ धरायला डावा. डावा हात कुठे जातोय हे बघायचं नाही, एवढंच पथ्य. दाणा भरला की उंदीर वाढलेले असतात आणि घोणस चुडाच्या बुडाशी वेटोळं करून तासन्‌तास हलत नाही. अंगावरच्या गडद ठिपक्यांच्या तीन साखळ्या वाळल्या पानांत अशा मिसळतात की न बघण्यासाठी वेगळे कष्ट पडत नाहीत. कापण्याआधी काठीने चूड हलवणे, बांधाकडून सगळ्यांनी एका रांगेत कापत जाणे, असले प्रकार सापाला निघून जायला वाव देतात. त्यापेक्षा चौघांनी चार बाजूंनी कापत मधे यावं. शेवटच्या तुकड्यात जे जे उरलं असेल ते सगळं एकदम पायात येतं.

कापलेले भारे रात्रभर शेतात पडू द्यावेत आणि सकाळी वाकून, कवेत घेऊन, छातीशी धरून उचलावेत. आधी काठीने किंवा आकड्याने उलटून बघितलं तर मजा गेली. हाच नियम कडब्याच्या गंजीला, उसाच्या पाचटाला आणि सरपणाला. सरपण घराच्या भिंतीला टेकून थेट जमिनीवर रचावं. हातभर उंच फळीवर रचलं तर खालून झाडता येतं, उजेड शिरतो, आणि भाडेकरू टिकत नाहीत.

कोकणातल्या मंडळींना वेगळं काही शिकवायला नको. रत्नागिरी-सिंधुदुर्गाच्या कातळावर फुरसं आहे. लांबी हात-दीड हात, रंग मातीचा, बसायची जागा दगडाखाली. गडग्याचा, म्हणजे दगडी कुंपणाचा, दगड उचलताना त्याच्या खाली आपल्या बाजूने बोटं घालावीत आणि आपल्याकडेच ओढावा. पहारीने पलीकडे उलथला तर दगड आपल्या आणि फुरशाच्या मधे येतो आणि सगळी खटपट वाया जाते. डिवचल्यावर ते इंग्रजी आठच्या आकड्यात वळतं आणि खवले एकमेकांवर घासून खरखर आवाज करतं. अशा वेळी ‘एवढंसं तर आहे’ असं मोठ्याने म्हणावं. रक्त गोठणं बंद पडायला एवढंसं पुरतं.

झोपेतही संधी दवडू नये. मण्यार त्यासाठीच आहे. खोपीत किंवा पडवीत, जमिनीवर वाकळ टाकून, उशाशी धान्याची पोती ठेवून झोपावं. पोत्याला उंदीर, उंदराला साप, ही साखळी आपोआप जुळते. बाज वापरू नये. मच्छरदाणी वापरलीच तर तिच्या कडा अंथरुणाखाली खोचू नयेत, वाऱ्यावर सोडाव्यात. मण्यारीचा दंश दुखत नाही, सुजत नाही, खूणही धड दिसत नाही. पहाटे पोटात कळ येते, उलटी होते. तेव्हा ‘रात्रीचं पिठलं बाधलं’ असं निदान करून सोडा पाजावा. नंतर पापण्या जड होतात, गिळता येत नाही, बोलणं नाकातून येतं. तेव्हा ‘झोप झाली नाही’ म्हणावं. पुढे श्वासाचे स्नायू लुळे पडतात. माणूस हलत नाही, डोळे उघडत नाही, पण पुष्कळदा आतून शुद्धीवर असतो आणि कृत्रिम श्वासावर ठेवला तर दिवसांनी उठून घरी जातो. म्हणून हे होण्याआधीच रडारड सुरू करणं महत्त्वाचं.

साप दिसला तर ओळखायची जबाबदारी गावातल्या सर्वांत आत्मविश्वास असलेल्या माणसावर सोपवावी. तो घोणशीला अजगराचं पिल्लू म्हणतो आणि मण्यारीला बिनविषारी कवड्या. मग मानेला धरून व्हिडिओ काढता येतो. मारायचा असेल तर जवळून मारावा आणि मेलेला साप पिशवीत घालून दवाखान्यात न्यावा. तुटलेलं डोकंसुद्धा काही काळ चावू शकतं, त्यामुळे एका सापात दोन रुग्णांची सोय होते. डॉक्टरला त्या पिशवीचा काही उपयोग नसतो. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांवरचं प्रतिविष एकाच कुपीत येतं. लांबून काढलेला एखादा फोटो पुरतो. (नागपंचमीला मात्र जमीन खणू नये, नांगर धरू नये. वर्षातला एक दिवस तरी पाळला पाहिजे.)

दंश झाल्यावर घाई करू नये. आधी सुतळीने आवळून बांधावं, कातडी निळी पडेस्तोवर. घोणस-फुरशाचं विष जागच्या मांसाला कुजवतं, ते एका जागी कोंडून ठेवलं की बोट किंवा पाय गमवायची खात्री वाढते. शिवाय ती गाठ अचानक सोडली की साचलेलं विष एकदम अंगभर जातं. ब्लेडने चिरावं. रक्त गोठत नसलेल्या माणसाला जखम करण्यासारखा दुसरा उपाय नाही. अंगठी, जोडवी, बांगड्या काढू नयेत, सुजेने त्या आपोआप रुततात. रुग्णाला चालवत न्यावं, शक्य तर पळवत, म्हणजे स्नायूंच्या हालचालीने विष पुढे सरकतं. हातपाय फळीला सैल बांधून स्थिर ठेवणे, १०८ला फोन करणे किंवा मोटारसायकलवर दोघांच्या मधे बसवून थेट मोठ्या दवाखान्यात नेणे, हा उतावीळपणा झाला. वाटेत मांत्रिक आहे. त्याच्याकडे यशाची लांबलचक यादी असते आणि ती खोटीही नसते. धामण, दिवड, कवड्या चावलेले, आणि विषारी सापाने दात लावूनही विष न सोडलेले, असे सगळे त्याच्या हातून बरे झालेले असतात. उरलेले तक्रार करायला परत येत नाहीत.

एवढं करूनही दवाखान्यात पोचलातच, तर तिथे आग्रही राहावं. सुरुवातीला आठ-दहा कुप्या प्रतिविष लागतं हे ऐकून ‘एकच सुई द्या, सरकारी औषध गरम पडतं’ असं सांगावं. लहान पोराला मोठ्या माणसाएवढाच डोस देतात, तेव्हा भांडण काढावं. सापाने पोराला अर्धं विष सोडलं नव्हतं, हा डॉक्टरांचा युक्तिवाद ऐकून घेऊ नये. परिचारिका काचेच्या कोरड्या नळीत दोन मिली रक्त घेऊन वीस मिनिटं न हलवता ठेवते. रक्त गोठतंय का, हे त्यावरून ठरतं. पाचव्या मिनिटाला ती नळी हातात घेऊन उजेडात हलवून पाहावी. आणि दोन तासांत बरं वाटलं की सही करून घरी यावं. चोवीस तास देखरेखीखाली राहिलं तर लघवी लाल झाल्याचं कोणाच्या तरी लक्षात येतं.

मागे राहिलेल्यांसाठी गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजना आहे. सर्पदंशाने मृत्यू झाल्यास वारसांना दोन लाख रुपये मिळतात. सातबारा, मृत्यूचा दाखला, वयाचा पुरावा आणि गाव नमुना ६-क मधली वारस नोंद आधीच एका फायलीत लावून ठेवावी. फाईल सरपणाच्या ढिगावर ठेवली तरी चालेल.